मुठीत धरलेली घुंगरं

आमच्या गल्लीत माझं घर चौथं आणि आपाचं पाचवं. मधली भिंत सामाईक आहे. तिकडं लसणाची फोडणी पडली की इकडं मला शिंक येते, आणि माझ्याकडं मिक्सर लागला की ती भिंतीवर थाप मारून विचारते, "वहिनी, आज काय दळायलीस?" एवढं खेटून असलेलं घर मी सहा वर्षं ओलांडून जात राहिले. चोरून नाही. भर दिवसा, हातात घुंगरांची काठी घेऊन.

आता माझी सत्तरी आली. दात डॉक्टरनं दिलेले आहेत आणि चष्मा नातीनं. नातीला वाटतं, आपली आजी म्हणजे गावात पाव्हणे ठेवायची सुरुवात करणारी, साहेबांपुढं न घाबरता बोलणारी बाई. न घाबरता बोलायचे, हे अगदी खरं. काय बोलायचे, हे तिला माहीत नाही. म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव सोयगावच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. मागं जंगल आणि जंगलात धबधबा. पावसाळ्यात धबधबा सुरू झाला की सुट्टीच्या दिवशी संभाजीनगर, सिल्लोड, जळगाव, कुठून कुठून गाड्या यायच्या. यायच्या म्हणजे घुसायच्या. लोक गाडीची दारं उघडी टाकून गाणी लावायचे, दगडांच्या चुली मांडून कोंबडी शिजवायचे, बाटल्या खडकावर फोडायचे आणि उष्ट्या ताटल्या ओढ्यात सोडून निघून जायचे. तोच ओढा खाली आमच्या गुरांच्या पाण्याला. एका वर्षी आमच्या म्हशीच्या खुरात काच शिरली, आणि ती महिनाभर तीन पायांवर उभी राहिली. त्या वर्षी गावानं शाळेच्या पटांगणात बैठक घेतली.

बैठकीला वनरक्षक आला होता. बोलायला हळू, पण डोक्यानं पक्का. तो म्हणाला, "जंगल सरकारचं हाय, पण जंगलाची वाट तुमच्या गावातून जाती. वाटेवर तुम्ही बसा की." त्यातून समिती झाली. वेशीजवळ नाका झाला. नाक्यावर गावचं माणूस, प्लास्टिक तिथंच ठेवून घ्यायचं, गाणी बंद, आणि प्रत्येक टोळीबरोबर गावचाच एक वाटाड्या. कुणाला मुक्काम करायचा असेल तर जंगलात तंबू नाही, हॉटेलही नाही. गावातल्या घरात राहायचं, घरातलं जेवायचं.

कुणाच्या घरात, यावर मात्र बैठक तापली. ज्यांची घरं पक्की ते म्हणाले, पाव्हणा चांगल्या घरात पाहिजे. ज्यांची कच्ची ते म्हणाले, मग आम्ही काय नुसता त्यांचा कचरा उचलायचा? तेव्हा मागं बसलेला एक म्हातारा उठला. म्हणाला, "गुराख्याची काठी आणा."

ही काठी काय, ते सांगायला पाहिजे. पूर्वी आमच्या सगळ्या गावाची गुरं एकच गुराखी चारायला न्यायचा. त्याची भाकरी गावानं द्यायची, रोज एका घरानं. संध्याकाळी गुरं परत आणली की तो आपली घुंगरं बांधलेली काठी एका दाराला टेकवून जायचा. ज्या दाराला काठी, दुसऱ्या दिवशी त्या घरची भाकरी. त्याच्या दुसऱ्या दिवशी काठी पुढच्या दाराला. घर मोठं की लहान, कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं, काठी बघायची नाही. बाया आत चुलीपाशी बसून घुंगरांच्या आवाजावरून सांगायच्या, आज बारी कुणाची.

"तो चाळीस साल असा जेवला," म्हातारा म्हणाला. "काठीनं एक दार सोडलं नाय. पाव्हण्याचं बी तसंच करा."

गुराखी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या बायकोनं आढ्यावरून काठी काढून दिली. आम्ही बायांनी घुंगरं चिंचेनं घासली. नियम ठरला तो असा, की पाव्हणे गेले की त्या घरच्या बाईनं स्वतः काठी उचलायची आणि पुढच्या दाराला टेकवायची. मधे समिती नको, पुरुषमाणूस नको, कागद नको.

पाव्हण्यांचं राहणं-जेवणं बचतगटाकडं आलं आणि गटाची अध्यक्ष झाले मी. का, तर मी सातवी पास होते आणि 'पर्यावरण' हा शब्द न अडखळता म्हणू शकत होते. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, पण त्या दिवसांत माझं काय झालं होतं, मलाच ठाऊक. प्रशिक्षणाला गेले तिथं एक बिल्ला मिळाला. तो पदरावर लावून मी पाणी भरायला जायचे. खुर्चीची सवय नसलेली बाई खुर्चीच्या कडेवर बसते. मी पहिल्या दिवसापासून मागं टेकून बसले. ती अध्यक्षबाई आज रस्त्यात भेटली तर मी तिचा बिल्ला आधी काढून घेईन, आणि मग काय बोलायचं ते बोलेन.

आपा मण्यारीण आहे. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. बांगड्यांची टोपली घेऊन तिनं आसपासचे सगळे आठवडी बाजार केले. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, ती सिल्लोडला दिलेली. मी नवरी होऊन या गावात आले तेव्हा माझा चुडा तिनंच भरला. भीतीनं माझी मूठ आवळलेली. ती म्हणाली, "हात सैल सोड वहिनी. मूठ आवळली की काच फुटती." त्यानंतर माझ्या दोन्ही बाळंतपणांना, घरातल्या सगळ्या लग्नांना, दर पंचमीला माझे हात तिच्या हातात असायचे. माझ्या मनगटाची हाडं तिच्याइतकी माझ्या आईलाही माहीत नव्हती.

पण तिच्या घरी मी कधी चहा प्यायले नव्हते. ती म्हणायची, "बस, चहा टाकते." मी म्हणायचे, "आत्ताच घेतला गं." दिवसातून तीनदा गेले तरी तिन्ही वेळा मी आत्ताच घेतलेला असायचा. असा चहाबाज माणूस साऱ्या तालुक्यात नसेल.

तर पहिली बारी. तीन घरं झाली आणि काठी माझ्याकडं आली. दुर्बिणी घेऊन दोघं जण आले, दोन दिवस राहिले, झाडाखाली माना वर करून बसले, भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं आणि गेले. मी काठी उचलली. अंगणातून निघाले तेव्हा घुंगरं छान वाजत होती. आपाचं दार उघडं होतं. ओट्याला तिनं पिवळा रंग दिला होता, ताजा, चुन्याचा वास अजून येत होता. आत ती पाठमोरी उभी राहून फळीवर भांडी लावत होती. काठी येणार, हे तिला माहीत होतं. गावाला माहीत होतं.

मी डाव्या मुठीत घुंगरं धरली आणि तिच्या दारावरून पुढं गेले. सहाव्या दाराशी मूठ सोडली.

सहावं घर माझ्या जावेचं. ती बाहेर आली, काठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"लवकर आली की गं."

"घे, टेकव. बोलू नको."

"मी कुठं बोलायले," ती म्हणाली आणि काठी आत घेतली. खरंच, ती कधी बोलली नाही. कुणीच बोललं नाही. वनरक्षकानं एकदा विचारलं, "बाई, पाचव्या घराचं कसं?" मी म्हटलं, "त्यांची जरा अडचण आहे." त्यानं मान हलवली. माझ्या तोंडावर बिल्ल्याचं तेज असायचं ना.

दुसऱ्या दिवशी आपानं भिंतीवर थाप मारली. "वहिनी, काठी कुठं गेली?"

मी भिंतीकडं तोंड करून सांगितलं, "आपा, शहरातले पाव्हणे. पक्के शाकाहारी. तुझ्याकडं त्यांना चालंल का नाय, मला भ्या वाटलं. माझा काय इलाज नाय गं."

मग ती म्हणाली, "हौ. बरं. मग सीझनभर घरात गोश्त बंद करते."

आणि तिनं बंद केलं. मुलगी-जावई ईदला आले तर त्यांना सिल्लोडलाच जेवून यायला सांगितलं. पुढच्या खेपेला काठी माझ्याकडून निघाली तेव्हा मला नवं कारण लागलं. तिचा पत्रा गळायचा, ते मी सांगितलं. पाव्हण्यांच्या अंथरुणावर पाणी पडलं तर गावाचं नाव खराब होईल. आपानं टोपली जास्त बाजारांना फिरवली आणि पुढच्या पावसाळ्याआधी पत्रा बदलला. मग मी म्हटलं, संडास परसात आहे, अंधारात शहरातल्या बायांना भीती वाटते. तिनं परसापर्यंत फरशी टाकून दिवा लावला. एका वर्षी नेमका रमजान आला. मला तर हायसंच वाटलं. म्हटलं, "तुझे रोजे, आपा. तुला दिवसभर उपाशी ठेवून कुणाला वाढायला कसं लावू?"

"रोजा माझा हाय," ती म्हणाली. "पाव्हण्याचा थोडाच हाय."

यावर मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी बोललेच असणार. मी गप्प बसले असं त्या काळात कधी झालं नाही.

दर खेपेला मी अडथळा सांगायचा आणि तिनं तो दूर करायचा, असं चाललं होतं. मला वाटायचं, मी तिची समजूत काढते आहे. ती मात्र मी सांगितलेलं एकेक काम मनावर घेऊन करत होती, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. आणि परीक्षक कोण, तर भिंतीला तोंड लावून खोटं बोलणारी मी.

मग एका पावसाळ्यात माझ्याकडं पुण्याची एक शिक्षिका मुक्कामाला होती. धबधब्यावरून आली आणि गल्लीत तिला आपाच्या ओट्यावर बांगड्यांची टोपली दिसली. गेली ती दीड तास आलीच नाही. मी इकडं पिठलं गरम करून करून खरपूस केलं. आली ती हातभर हिरव्या बांगड्या घालून.

"मावशी, मला जेवायला नको. शेजारच्या आपांनी खिचडी आणि खट्टा वाढला. काय सुंदर करतात हो. चिंच आणि तीळ ना त्यात?"

"असंल," मी म्हटलं.

"मी विचारलं त्यांना, तुमच्याकडे पाहुणे का राहत नाहीत. म्हणाल्या, माझी बारी यायची आहे अजून. कधी आहे त्यांची बारी? पुढच्या वेळी त्यांच्याकडेच येईन म्हणते."

"क्रम असतो," मी म्हटलं. "बघू."

आपानं माझं नाव घेतलं नव्हतं. ती एवढंच म्हणू शकली असती, 'वहिनीला विचारा.' तेवढंही म्हणाली नाही. आणि आता माझ्याकडं कारणही उरलं नव्हतं. शहरातली बाई तिच्या घरी पोटभर जेवून माझ्या अंगणात ढेकर देत होती. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी काठी उचलली, आणि तरीही घुंगरं मुठीत धरली. आधीच्या वेळा मी कशाकशावर ढकलू शकते. ही एक मला कुठंच ढकलता येत नाही.

समितीचं नाव एव्हाना बाहेर गेलं होतं. ओढा स्वच्छ झाला होता, गुरं पाणी प्यायला लागली होती, आणि घरोघर बारीनं पाव्हणे ठेवतात हे ऐकून दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावचे लोक आमचं बघायला आले. त्यांच्याकडंही धबधबा होता, आणि काचाही होत्या. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. काठी मधे टेबलावर आडवी ठेवली, हार घालून. चहा गटाच्या बाया देत होत्या, त्यात आपाही होती. ती गटात होती, वर्गणी भरायची, झाडलोट करायची. नुसती बारी तेवढी नव्हती.

मी उभी राहिले. बिल्ला होताच. गुराख्याची गोष्ट सांगितली, घुंगरांची सांगितली, आणि म्हटलं, "या काठीनं आजवर एकही दार सोडलेलं नाही."

टाळ्या वाजल्या. पाव्हण्यांतली एक बाई शेजारी चहा ओतणाऱ्या आपाला म्हणाली, "मावशी, तुमच्याकडं कधी येती मग काठी?"

"माझ्या दारावरून दर खेपेला जाती," आपा म्हणाली. कपात चहा ओतणं चालूच.

"आणि आतून कळतं व्हय तुम्हाला?"

"कळतंय की. वहिनीच्या अंगणातून निघाली की वाजती. माझ्या दारापाशी आली की गप व्हती. पुढच्या दाराला गेली की पुन्हा वाजती. सहा साल झाले. बरोबर माझ्या दारापाशी गप."

"आं? ते का?"

आपानं किटली सरळ केली आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. बांगडी भरताना हाताचं माप घेते, तसं पाहिलं.

"तिथं वाट चढाची हाय," ती म्हणाली आणि पुढच्या कपाकडं गेली.

आमची गल्ली परातीसारखी सपाट आहे. आमच्या गावातलं कुणी हसलं नाही. जावेनं कपात बघितलं. वनरक्षक आपल्या बुटांकडं बघत राहिला. ज्या म्हाताऱ्यानं काठी सुचवली होती त्यानं टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. सहा वर्षं मला वाटत होतं की मी आवाज दाबला म्हणजे तिला कळणार नाही. आत बसलेल्या बाईला घुंगरांचं वाजणं कळतं, तसं गप होणंही कळतं, हे मला कळायला पाहिजे होतं. याच गावात मी चुलीपाशी बसून गुराख्याची काठी ऐकली होती.

आणि यापुढचं सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी भाषण थांबवलं नाही. ओला कचरा आणि सुका कचरा यावर आणखी बरंच बोलले.

काठी माझ्याकडं यायला पुढं दोन-तीन आठवडे गेले. त्या दिवसांत भिंतीवर थाप पडली नाही. मी मिक्सर मुद्दाम लावून बघितला. नाही. मग माझ्याकडचे पाव्हणे गेले आणि मी काठी उचलली. आपाचं दार चार पावलांवर, पण मी आधी देवापुढं जाऊन आले, मग पाणी प्यायले, मग उगीच पदर सारखा केला. शेवटी निघाले. घुंगरं वाजू दिली. काठी तिच्या दाराला टेकवली तेव्हा ती ओट्यावर फुटक्या बांगड्या निवडत बसली होती.

"आपा, काठी आणली."

तिनं वर पाहिलं नाही. "कोण पाव्हणे हायेत?"

"नवरा-बायको. पक्षी बघायला येणार आहेत. शनिवारी."

"त्यांना चालतंय का? विचारलंस?"

"नाय विचारलं."

"आधीच्यांना विचारलं होतं?"

मी टेकवलेली काठी उगीच सरळ केली.

"एकाला तरी?"

"नाय."

"मग चालत कुणाला नव्हतं, वहिनी?"

एवढ्या वर्षांत मला बोलायला शब्द कमी पडले नव्हते. तेव्हा एकच सापडला. "मला," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. फुटकी बांगडी तिनं वेगळी ठेवली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. तिला उठायला किती वेळ लागतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. "सहा साल आधी मी दहा माणसं उभ्या उभ्या जेवू घातली असती. आता गुडघे गेले. नक्को म्हणणार होते तुला. पण म्हणत नाय. आत ये. आधी तू जेव."

"आत्ताच..." माझ्या तोंडातून निघालं. सवय. तिनं मागं वळून बघितलं तशी मी तोंड मिटलं.

तिनं खिचडी वाढली, वर खट्टा, बाजूला पापड. ताट नवं कोरं होतं. खिचडी सरत आली तशी खाली बोटाला काहीतरी चिकट लागलं. दुकानाचा कागद होता, ताटाच्या मधोमध चिकटवलेला, अजून न काढलेला. पहिल्या बारीच्या वेळी, ओटा पिवळा केला तेव्हा, फळीवर लावलेल्या भांड्यांतलं ते ताट. बारीसाठी राखलेलं, म्हणून सहा वर्षं त्यात कुणी जेवलं नव्हतं, ती शिक्षिकाही नाही. मी पहिली.

माझ्या पोटाचं काय होईल याची मला चाळीस वर्षं काळजी होती. काय झालं, तर मी खट्टा दोनदा मागून घेतला. तिनं वाढला. हसली मात्र नाही.

शनिवारी पाव्हणे आले. भाकरी थापायला मी गेले, कारण आपाला फार वेळ बसवत नव्हतं. तिनं चुलीपाशी मला अर्धी जागा दिली आणि माझ्या भाकरीला जाड म्हणून नावं ठेवली. पाव्हण्यांनी जेवण केलं, पिवळ्या ओट्यावर बसून सकाळी चहा घेतला, जंगलात गेले, घुबड दिसलं म्हणून खूश होऊन आले, बायकोनं बांगड्या भरल्या, आणि दोघं निघून गेले. दुसरं काहीही झालं नाही. सहा वर्षं मी ज्याला घाबरले ते एवढंच होतं. काहीतरी वाईट झालं असतं, निदान पाव्हण्यांनी नाक मुरडलं असतं, तर मला थोडा तरी आधार झाला असता.

काठी तिनं स्वतः उचलली. मी म्हटलं, "दे, मी ठेवते." तिनं दिली नाही. एका हातानं भिंत धरत ती माझ्या जावेच्या दारापर्यंत गेली. घुंगरं मुद्दाम हलवत होती का गुडघ्यांमुळं हलत होती, मला ओळखता आलं नाही.

त्यानंतर मी सुधारले, असं नातीला वाटेल. पण तसं नाही. झालं असं, की मी माझ्याकडच्या पाव्हण्यांना ही गोष्ट सांगायला लागले. ओट्यावर बसायचं, काठी दाखवायची आणि आपण कसे चुकलो ते सांगायचं. मला सांगता छान येतं. लोक गप्प होऊन ऐकायचे. एकदा एका बाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "किती प्रामाणिक आहात तुम्ही." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे टिपले. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर थाप पडली.

"वहिनी, काल टाळ्या कशाच्या होत्या?"

मी सांगितलं.

"म्हंजी काठी माझ्या दारावरून गेली," आपा पलीकडून म्हणाली, "आणि टाळ्या बी तुझ्याच ओट्यावर?"

शिंक यावी तसं काहीतरी नाकात आलं, पण शिंक नव्हती.

आता काठीची गोष्ट कुणी विचारली की मी पाचव्या दाराकडं बोट दाखवते. लोक तिकडं जाऊन बसतात. ती काय सांगते, किती सांगते, माझं काय करते, मला माहीत नाही. मधूनच 'वहिनी' एवढं ऐकू येतं, मग बराच वेळ काही नाही, मग हसू. कान लावत नाही, असं लिहिणार होते. लावते. पण ती नेमक्या ठिकाणी आवाज खाली घेते.

हे लिहून झाल्यावर मी वही घेऊन तिच्याकडं गेले आणि सगळं वाचून दाखवलं. ती खाटेवर पाय लांब करून ऐकत होती. गुराख्याचं बरोबर आहे म्हणाली. ताटाच्या कागदाचं मी लक्षात ठेवलं याचं तिला नवल वाटलं. ताटाला कागद राहिला होता, हे तिला माहीतच नव्हतं.

"एक चुकलं," ती म्हणाली. "पत्र्याचं."

"काय?"

"माझा पत्रा गळत नव्हता."

मी वहीतलं ते पान काढलं. मी लिहिलं होतं, तिचा पत्रा गळायचा. मला तसंच आठवत होतं. इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते खरंच दिसायचं, तिच्या घरात पाणी टपकताना.

"मग बदललास कशाला?"

"तू म्हणलीस म्हणून," आपा म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

पान मी खोडलेलं नाही. वर आहे तसंच राहू दिलं आहे.